राहून गेलेलं दृढीकरण

झावळ्यांच्या रविवाराला चार दिवस उरले असताना माझ्या बायकोनं मला सांगितलं, की तिचं दृढीकरण झालेलंच नाही.

मी तेव्हा आरशासमोर उभा होतो, अंगात नवा काळा कोट. अल्विना माझ्या पायाशी बसून पँटची दुमड उसवत होती, कारण पँट घोट्याच्या वरच राहिली होती. हा सगळा थाट आमच्या सुवर्ण दृढीकरणासाठी. चौदाव्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आम्ही मंडळीसमोर प्रश्नांची उत्तरं देतो, वेदीपुढे गुडघे टेकतो, पाळक डोक्यावर हात ठेवून ज्याचं त्याचं बायबलमधलं वचन म्हणतात, आणि तिथून पुढे माणूस मोठा समजला जातो. त्याला पन्नास वर्षं झाली, की त्या तुकडीतले जे कोणी शिल्लक असतील त्यांना त्याच रविवारी छातीवर झावळीची सोनेरी काडी लावून वाजतगाजत पुन्हा चर्चमध्ये नेतात. आमच्या पेद्रा प्रेता नावाच्या डोंगरात या काडीला लग्नाच्या अंगठीपेक्षा जास्त मान आहे. अंगठी काय, कुणालाही मिळते. काडीसाठी टिकावं लागतं.

"टेओ," ती खालूनच म्हणाली, "मी रविवारी तुमच्याबरोबर चालणार नाही."

"का? गुडघा दुखतोय?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय. माझं दृढीकरण झालं नाहीये."

"हो का? मग माझाही बाप्तिस्मा झाला नाहीये. लहानपणी ओढ्यात पडलो होतो, तोच सगळ्यांनी धरून चालवला."

ती हसली नाही. तोंडातल्या टाचण्या काढून तिनं एकेक करून गादीत टोचल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलेलं आहे, की अल्विना टाचण्या बाजूला ठेवून बोलते तेव्हा ऐकून घ्यावं.

"तू फोटोत आहेस," मी म्हणालो. "हुल्डाच्या शेजारी. तोंड आंबट करून."

"फोटो नंतरचा. तुला आठवतंय ना, आम्ही डोंगरापलीकडून पहाटे चालत आलो होतो? पोटात कण नव्हता. प्रभुभोजनाच्या आधी खायचं नाही, असं आजीचं. त्यात ते गळ्यापर्यंत बटणं लावलेलं जाड कापड. मी आणि हुल्डा सगळ्यांच्या शेवटी. आता गुडघे टेकणार, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. वेदीपुढे पडले असते तर आईला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून बाजूच्या दारानं बाहेर गेले आणि आंब्याखाली बसले. बरं वाटल्यावर आत आले, तर गीत चालू होतं आणि सगळे प्रभुभोजनाच्या रांगेत. मीही रांगेत उभी राहिले."

"आणि पाळक हेरमान?"

"त्यांना वेदीवरची मेणबत्ती दिसायची मारामार, मी नाही हे काय दिसणार? प्रमाणपत्र तर आधीच सही करून ठेवलेलं. ते दिलं, मी घेतलं."

"मग घरी गेल्यावर सांगायचं की!"

"घरी बदक कापलेलं, पाहुणे बसलेले, मामा वाजवायला कॉन्सर्टिना घेऊन आलेला. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी ईस्टर. ईस्टरच्या दिवशी कुणी असलं काही सांगतं का?"

खरंच, नाही सांगत. मग ते पुढच्या रविवारवर गेलं, आणि तिथून पन्नास वर्षांवर.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय आहे. आमचे पणजोबा जर्मनीकडच्या पोमेरानियाहून ब्राझीलच्या या डोंगरात आले तेव्हा त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, प्रश्नोत्तरी आणि हट्ट. प्रश्नोत्तरी आता पोर्तुगीजमध्ये झाली आहे. हट्ट तसाच आहे. आमच्यात दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन नाही, चर्चमधलं लग्न नाही, आणि दुसऱ्याच्या मुलाला बाप्तिस्म्याला हातात धरायचा अधिकार तर नाहीच नाही. अल्विना अकरा मुलांची धर्ममाता आहे. या डोंगरात पोर जन्मलं की आईबाप आधी आमच्या दारात येतात.

"त्या सगळ्या पोरांसाठी मी खोटी उभी राहिले," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"आणि आपलं लग्न?" मी विचारलं.

"त्याची एवढी काळजी नाही मला."

मी हसायचा प्रयत्न केला, पण मला राग आला होता. "चव्वेचाळीस वर्षं माझ्याशेजारी झोपतेस, आणि हे मला आज सांगतेस?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, टेओ. सकाळी सांगितलं असतं तर दुपारी कॉफीच्या गिरणीत पोचलं असतं, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत त्याला चार पाय आणि शेपूट फुटलं असतं."

हे खरं होतं. खोटं बोलली असती तर मी भांडलो असतो. खऱ्यापुढे काय करणार? कोट काढला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाळकबाईंकडे गेलो. पाळकबाई इवाने दक्षिणेकडच्या, आमच्या मुलीपेक्षा, लोरेनीपेक्षाही वयानं लहान, चिखलातून मोटारसायकल चालवतात. त्या चर्चच्या अंगणात दृढीकरणाच्या पोरांना बजावत होत्या, की रानातल्या जुसारा माडाला कुणी हात लावायचा नाही, ज्याच्या परसात जी झावळी असेल ती आणायची. पोरं गेल्यावर अल्विनानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मी टोपी हातात धरून बाजूला होतो.

पाळकबाईंनी नीट ऐकलं. मग मानाचा 'दोना' लावून म्हणाल्या, "दोना अल्विना, देवाची कृपा काय पाळकाच्या हातात अडकून बसते का? पन्नास वर्षं तुम्ही या मंडळीत आहात. तुमचं दृढीकरण झालंय असंच समजा."

"समजायला काय, पन्नास वर्षं समजतेच आहे."

पाळकबाईंना हसू आलं. "बरं, मग आत चला. आत्ता लगेच हात ठेवते. दार लावून घेऊ, कुणाला कळायचंही नाही."

"मंडळीसमोर राहिलंय, तर मंडळीसमोरच होऊ दे. लपवून लपवून मला कंटाळा आलाय." मग ती म्हणाली, "आणि पाळकबाई, कृपेचं तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण मला तो हात हवाय. त्या हातासाठी मी डोंगर उतरून आले होते. हुल्डाच्या डोक्यावर ठेवला, एर्नाच्या ठेवला, या टेओच्यासुद्धा ठेवला. माझ्याच डोक्यावर तेवढा नाही."

हे 'टेओच्यासुद्धा' मला लागलं.

"मग रविवारी पोरांच्या बाकावर बसा," पाळकबाई म्हणाल्या. "सगळ्यांसारखा एक प्रश्न विचारीन. आणि आशीर्वादाच्या वेळी मागे कुणीतरी उभं लागेल. तुमचे धर्मपिता, धर्ममाता?"

"दोघंही मातीत गेले. मी एकटीच राहीन उभी."

मी तिथेच होतो, टोपीसकट. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

तिथून रविवारपर्यंत मी गिरणीकडे फिरकलो नाही. इतकी चांगली गोष्ट पोटात घेऊन बसणं काय असतं, ते माझं मला ठाऊक. शनिवारी गिरणीवाला आर्नो स्वतः घरी आला, मी आजारी आहे की काय ते बघायला. तोही आमच्याच तुकडीतला. त्याच्यासमोर मी पावसावर बोललो, आल्याच्या पिकावर बोललो, जिभेला नुसते चटके बसत होते. तो गेल्यावर अल्विनानं माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि मक्याच्या पावाचा मोठा तुकडा ठेवला, केळीच्या पानावर भाजलेला, कडेचा, मला आवडतो तसला.

लोरेनीचा शहरातून फोन आला. "आई, पन्नास वर्षं झाकलंस, अजून वीस वर्षं झाकायला काय जातं?"

"वीस वर्षं जगले तर वीस वर्षं हेच आठवत बसेन," अल्विना म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

रविवारी धुकं होतं. रस्त्याकडेची झाडं जांभळ्या फुलांनी भरली होती, या दिवसांत भरतातच. फाटकापाशी पितळी वाद्यांचं पथक वाजवत होतं. ट्रॉम्बोनवाला नवा पोरगा दर दुसऱ्या स्वराला घसरत होता. माझे पुढचे दात शाबूत होते तोवर ती जागा माझी होती, म्हणून मला ते जास्तच ऐकू आलं. पोरं झावळ्या घेऊन उभी होती. आमचे कॅथलिक शेजारी झावळ्यांवर पवित्र पाणी शिंपडून घेतात, आम्ही नुसत्या हलवतो आणि वर आपणच शहाणे असं मानतो. एका पोरीच्या घरी माड नव्हता, तिनं केळीचं पान आणलं होतं. पाळकबाईंनी चालवून घेतलं.

आणि पोरांच्या शेवटी, हातात आमच्या परसातली झावळी धरून, अल्विना. अंगात साधा निळा झगा. छातीवर सोनेरी काडी नाही.

लोक बघायला लागले. आम्ही सोनेरीवाले मागे होतो, जोडीजोडीनं. माझी जोडीदारीण जागेवर नव्हती, म्हणून मला हुल्डा मिळाली. हुल्डाला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं धरून बोलते.

"अल्विना पोरांत काय करतेय?" तिनं पथकाच्या वरताण विचारलं.

"गप चाल," मी म्हणालो.

उपासना नेहमीसारखी झाली. गाढवावर बसून येणाऱ्या राजाचा उतारा वाचला, गीत झालं, मग पाळकबाई पोरांच्या बाकासमोर आल्या आणि एकेकाला प्रश्न विचारू लागल्या. पोरांनी धडाधड उत्तरं दिली. एकाची गाडी मध्येच अडली, त्याची आई तिसऱ्या बाकावरून ओठ हलवायला लागली आणि गाडी सुटली. शेवटी पाळकबाई अल्विनासमोर थांबल्या. चर्चमध्ये कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"दोना अल्विना, धर्ममातेचं काम काय?"

मला वाटलं, बाई, हाच प्रश्न मिळाला का तुम्हाला? नंतर कळलं, पाळकबाईंनी तो मुद्दाम काढून ठेवला होता.

अल्विना उभी राहिली. झावळी तिनं बाकावर ठेवली नाही, हातातच ठेवली. "पोराला बाप्तिस्म्याला हातात धरायचं," ती म्हणाली. "त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करायची. त्याला प्रश्नोत्तरी शिकवायची. आईबापांना काही झालं तर आपल्या ताटातलं त्याला द्यायचं." मग ती मंडळीकडे वळली. "हे मी केलं. पण करायचा हक्क मला नव्हता. माझं दृढीकरण झालेलं नाही. आमच्या दिवशी मला चक्कर आली, मी बाहेर गेले, आणि पाळकांचा हात माझ्या डोक्यावर कधी पडलाच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी ज्यांनी आपली पोरं माझ्या हातात दिली, त्यांची मी माफी मागते."

मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि पाय उचलेनात.

"काय म्हणते ती?" हुल्डानं मला कोपरानं ढोसलं.

"नंतर सांगतो."

"अं? काय?"

"तिचं दृढीकरण झालं नाही म्हणते!"

तीन दिवस जीभ चावून काढले, आणि शेवटी भरल्या चर्चमध्ये मीच ओरडलो.

"हात्तिच्या!" हुल्डा म्हणाली. "ते होय? ते माहीतच आहे की."

सगळी डोकी आमच्याकडे वळली. अल्विनाही वळली.

"मी काय आंधळी होते?" हुल्डा काठी टेकत उभी राहिली. "माझ्या शेजारची जागा रिकामी. म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझं वचन म्हटलं. मग एक पाऊल सरकला, हातानं चाचपलं, आणि पुन्हा माझंच डोकं धरलं. तुझं वचन माझ्या डोक्यावर म्हटलं, अल्विना. सबंध. मी हलले नाही. म्हटलं, हलले तर म्हातारा पडेल."

"आम्ही सगळ्यांनी पाहिलं ते," मागून एर्ना म्हणाली. "हसू दाबता दाबता जीव जायची वेळ आली होती."

"दुपारच्या कॉफीपर्यंत सगळ्या डोंगराला माहीत होतं," आर्नो म्हणाला.

अल्विना एवढंच म्हणाली, "आणि तरी तू इरिनेउला माझ्या हातात दिलंस, हुल्डा? तुझा पहिला मुलगा?"

"का? पाडलंस काय त्याला?"

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळं चर्च हसलं. इरिनेउ आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस आहे. तो कानापर्यंत लाल झाला.

मी आर्नोकडे वळलो. "आणि मला? मला एकानंही का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं," आर्नो म्हणाला, "तर आम्हाला माहीत आहे हे तिला कळलं असतं ना."

पुन्हा हशा. जन्मभर मी या लोकांची टिंगल केली, आणि त्या दिवशी साऱ्यांनी मिळून माझी केली. पण मला वाईट वाटलं नाही. मी आमच्या तुकडीकडे बघत होतो, ही आर्नोसारखी चिकट, एर्नासारखी भोचक माणसं. शेजारच्याच्या कोंबडीनं अंडं कुठे घातलं याचीही ज्यांना चर्चा लागते, त्यांनी एक गोष्ट पन्नास वर्षं पोटात ठेवली होती. ठेवली आणि आपली पोरं आणून तिच्या हातात दिली. मग त्या दिवशी वेदीपुढे मी काय करत होतो? आठवलं. मोठ्या भावाचे बूट चावत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो.

पाळकबाईंनी हात वर केला तेव्हा हसू थांबलं. "दोना अल्विना," त्या हलकेच म्हणाल्या, "आता काय करायचं? तुम्हीच सांगा."

"गुडघे टेकायचेत मला," अल्विना म्हणाली.

पोरं वेदीपुढे गेली, गुडघ्यांवर बसली, आणि त्यांच्यामागे त्यांचे धर्मपिता, धर्ममाता जाऊन उभे राहिले. शेवटी अल्विना. तिनं कठड्याला धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. तिच्यामागे कुणी नव्हतं. तेव्हा माझे पाय उचलले. मी गेलो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. कोण ते बघायला ती वळली नाही. खांदा मात्र तिनं माझ्या हाताखाली थोडा सैल सोडला.

पाळकबाई एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवत, वचन म्हणत पुढे आल्या. अल्विनापाशी पोचल्या, हात उचलला, तोच मागून काठीचा आवाज आला.

"थांबा, पाळकबाई. आधी मी."

हुल्डाला थांबवणं पाळक हेरमानना जमलं नव्हतं, तर या पोरीला काय जमणार. पाळकबाई बाजूला सरकल्या. हुल्डानं काठी माझ्याकडे दिली, वेदीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि आपला, शेतातलं आलं काढून काढून राठ झालेला हात अल्विनाच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

"एक माझा होता," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरोखर हळू होता. "दुसरा तुझा. चुकून माझ्याकडे आला. घे."

मग तिनं अल्विनाचं वचन म्हटलं. पणजोबांच्या जुन्या भाषेत, लहानपणी ऐकलं होतं तसं, एक शब्द न चुकता. पोरांना त्यातलं काही कळलं नसेल. पाळकबाईंनी हुल्डाच्या हातावर आपला हात ठेवला.

वचन संपलं. हुल्डाचे पाय दुखत असणार, ती हात काढायला लागली.

"थांब गं," अल्विना म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "अजून थोडा वेळ ठेव."

हुल्डानं हात ठेवला.